पाटीवर काय लिहावे?

उज्जैनच्या रेल्वेस्थानकाजवळ देवास गेट नावाचा भाग आहे. महाकाळाच्या दर्शनाला आलेल्या माणसाला हे नाव पहिल्याच तासात ऐकू येते. रिक्षावाला ते उच्चारतो, लॉजच्या पाटीवर ते दिसते. देवास गेट म्हटले की लोकांना आधी बसस्थानक आठवते, मग चहाच्या टपऱ्या आणि इंदूर-देवासकडे जाणाऱ्या गाड्या. ‘गेट’ म्हणजे वेस. गावाला वेस होती, ती देवासकडे तोंड करून होती, म्हणून तिला देवासचे नाव पडले, एवढा इतिहास त्या दोन शब्दांतच सामावलेला आहे. पण बस पकडण्याच्या घाईत असलेला माणूस तो वाचत नाही, आणि त्याला तो वाचून दाखवण्याची तसदी कोणी घेत नाही.

रस्त्याच्या कडेला इतिहासाची पाटी असावी की नसावी, या प्रश्नावर आता फारसा वाद राहिलेला नाही. सर्वांनाच पाटी हवी असते. वाद असलाच तर तो पाटीवर कोणाचे नाव मोठे आणि कोणती लिपी वर, एवढ्यापुरता असतो. पाटीवर लिहायचे काय, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात तोच विचारायचा आहे. त्यासाठी उज्जैनचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथील इतिहासाचा एक धागा थेट आपल्या भागापर्यंत येऊन पोचतो.

राणोजी शिंदे यांनी १७३१ च्या सुमारास उज्जैन येथे आपले ठाणे केले. तेथपासून १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे, हे शहर शिंदेशाहीचे केंद्र होते. आज जेथे देशभरातून लोक दर्शनाला येतात त्या महाकाळेश्वराच्या मंदिराची उभारणी राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. शहराच्या भर बाजारात असलेले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंदे यांनी बांधले. या बायजाबाई मूळच्या कोण? कागलकर घाटगे यांच्या घराण्यातील सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे यांची ही कन्या. कागल म्हणजे आपल्या निपाणीच्या शेजारचे गाव. तेथील मुलगी १७९८ मध्ये पुण्यास दौलतरावांची पत्नी झाली, पतीच्या निधनानंतर १८२७ पासून १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि उज्जैनमध्ये मागे ठेवले ते एक देऊळ. कागलच्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? उज्जैनच्या किती विद्यार्थ्यांना कागल कोठे आहे हे ठाऊक आहे?

आता याच कथेची दुसरी बाजू पाहू. जुलै १८०१ मध्ये उज्जैनजवळ मोठी लढाई झाली. यशवंतराव होळकर एका बाजूला आणि हेसिंग या युरोपीय सेनानीच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणी दुसऱ्या बाजूला. त्या पलटणींचा मोड झाला. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले, आणि त्या फौजेचे पुढारी होते हेच सर्जेराव घाटगे. पुढील वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला, वसईला इंग्रजांशी तह झाला आणि मराठी राज्याच्या अखेरीला सुरुवात झाली. मुलीने देऊळ बांधले आणि बापाने शहर लुटले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु पाटीवर लिहिण्याची वेळ आली की आपण पहिली लिहितो आणि दुसरी गाळतो. देवास गेटाशी उभा राहिलेल्या माणसाला मात्र दुसरी गोष्ट कळल्यावाचून पहिलीचा अर्थ पुरता लागत नाही. उज्जैनची राजधानी का गेली, इंदूर का मोठे झाले, मराठी सत्ता आपापसांत लढून कशी खचली, हे सारे त्या गाळलेल्या ओळीत आहे.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ज्या पाट्या दिसतात त्यांचे साधारणतः दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार धाक घालणारा. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक सर्वांच्या परिचयाचा आहे. हे स्मारक १९५८ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झाले आहे, त्याची नासधूस करणारास शिक्षा होईल, असे त्यावर असते. पूर्वी ही शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड अशी होती, २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे आणि एक लाख रुपये इतकी वाढली. कायदा हवाच, त्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्याला वास्तू कोणाची, कधीची आणि कशासाठी हे सांगितले नाही, त्याला ती फोडू नकोस एवढेच सांगून त्याच्या मनात आदर कसा उत्पन्न होणार? अलीकडे बऱ्याच ठिकाणी माहितीचा वेगळा फलक लावलेला असतो, ही चांगली सुधारणा आहे. तरी खेड्यापाड्यांतील पुष्कळ वास्तूंच्या वाट्याला अजूनही धाकाची पाटीच येते.

दुसरा प्रकार स्तुतीचा. ‘थोर’, ‘महान’, ‘प्रेरणास्थान’, ‘पावन भूमी’ हे शब्द काढून घेतले तर अशा पाटीवर उद्घाटनाची तारीख आणि उद्घाटकांची नावे एवढेच शिल्लक राहते. ज्याच्या स्मरणार्थ पाटी लावली त्याने नेमके काय केले, कोठे केले, त्या वेळी त्याच्याबरोबर कोण होते, याचा पत्ता लागत नाही. गंमत अशी की पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ही पाटी वाचील तेव्हा त्याला ज्याची समाधी आहे त्याच्यापेक्षा नगराध्यक्षांविषयी अधिक माहिती मिळेल.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक जोड आहे. पाटी मराठीत की कन्नडमध्ये, यावरून आपल्याकडे डांबर फासले गेले आहे, मोर्चे निघाले आहेत. ज्याला आपल्या भाषेत वाचायला मिळत नाही त्याचे दुःख खरे आहे, ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या पाटीसाठी आपण एवढे भांडतो तिच्यावर बहुधा गावाचे नाव आणि अंतराचा आकडा याशिवाय काही नसते. आशयाविषयी दोन्ही बाजूंचे एकमत आहे, आणि ते एकमत म्हणजे काहीही न लिहिणे!

आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून शहाणे होते. ‘वीरगळ’ हा शब्दच पाहा. मराठी माणूस तो आपला म्हणून वापरतो, पण त्यातील ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगड. देवळाच्या आवारात, वेशीजवळ, पाणवठ्यावर हे दगड आजही उभे आहेत किंवा आडवे पडले आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेली जाणारी गुरे आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. अक्षर न येणाऱ्या गुराख्यालाही ही पाटी वाचता येत असे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरली आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे मिळालेला दहाव्या शतकातील लेख याहून विलक्षण आहे. रानडुकराशी झुंजत मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचे स्मरण त्या दगडावर आहे. त्या काळच्या लोकांना एका कुत्र्याने काय केले हे नेमकेपणाने नोंदवावेसे वाटले. आज आपण माणसाविषयीही तेवढे नेमके लिहीत नाही.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी उदाहरण घालून दिले आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाने मूर्ती करविली हे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेले आहे. यात्रेकरू जेथून येतात त्यांच्या भाषेत सांगावे, एवढा साधा विचार त्यामागे असावा. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. मराठीतील अत्यंत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते. तो उजेडात आणला सोलापूरचे आनंद कुंभार यांनी, आणि याच कुंभारांनी त्या जिल्ह्यातील कित्येक कन्नड लेखही शोधून काढले. एका माणसाने दोन्ही भाषांची सेवा एकाच पायपिटीत केली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

अर्थात जुने ते सारे सोने असे मानण्याचे कारण नाही. दगड उभारायला पैसा लागत असे, म्हणून ज्यांच्या मागे कोणी नव्हते त्यांचे दगड उभे राहिले नाहीत. सतीच्या शिळेवर बांगड्या भरलेला हात दिसतो, पण त्या बाईची स्वतःची इच्छा काय होती हे शिळा सांगत नाही. तेव्हा जुना दगड जसाच्या तसा पुजण्यापेक्षा त्याच्याशेजारी आजच्या समजुतीची पाटी लावणे, हे आपले काम आहे.

कोणत्याही पाटीबाबत ती कोणी लावली हे आधी विचारावे लागते. उज्जैनहून इंदूरच्या बाजूला धरमतचे रणांगण आहे. १६५८ च्या एप्रिलमध्ये तेथे औरंगजेब आणि मुराद यांनी जसवंतसिंहाच्या नेतृत्वाखालील बादशाही फौजेचा पराभव केला. विजयाची खूण म्हणून औरंगजेबाने त्या जागेला फतेहाबाद असे नाव दिले. रतलामचे रतनसिंह राठोड त्या लढाईत पडले, त्यांची छत्री तेथे आहे. पराभूताची खूण रानात, आणि जेत्याने दिलेले नाव ‘फतेहाबाद चंद्रावतीगंज’ असे रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर! रोज शेकडो प्रवासी ते वाचतात, आणि फत्ते कोणाची हे बहुतेकांना माहीत नसते.

परंतु पाटी लावणाऱ्याचा हेतू हाच तिचा कायमचा अर्थ असतो असेही नाही. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा येथील स्तंभ इंग्रजांनी १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर आपल्या पराक्रमाची ग्वाही म्हणून उभारला. मात्र त्यावर त्यांनी पडलेल्या शिपायांची नावे कोरली, आणि त्या नावांत ‘नाक’ प्रत्ययाची महार शिपायांची नावे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. त्यानंतर त्या दगडाचा अर्थ पालटला. कंपनी सरकारचा विजय मागे पडला आणि ज्यांना गावात माणूस म्हणून स्थान नव्हते त्यांनी शौर्य गाजवल्याची ती साक्ष झाली. यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या स्तंभावर फक्त सेनापतीचे नाव असते तर पुढे काहीच घडले नसते. सामान्य शिपायाचे नाव दगडावर गेले, म्हणून शंभर वर्षांनी त्याच्या वारसांना ते वाचता आले.

पाटीविषयी माझे जे म्हणणे आहे ते येथे येऊन ठेपते. पाटीने काय घडले ते सांगावे, कोणाच्या हातून घडले ते सांगावे, आणि त्यात लहान माणसाचे नाव मिळत असेल तर ते गाळू नये. थोरवी ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवावे.

यावर काही आक्षेप येतील. जुनी भांडणे उकरून काढण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. परंतु १८०१ ची गोष्ट लपवल्याने शिंदे-होळकरांचे वैर मिटले असे नाही, ते आपल्यापुरते अनाकलनीय झाले एवढेच. ज्याला हवे तो पुस्तक वाचील, असेही कोणी म्हणेल. पुस्तक वाचणारा वाचतोच, पण पाटी ही पुस्तकापर्यंत न पोचणाऱ्यासाठी असते. बसची वाट पाहणाऱ्याजवळ दहा मिनिटे असतात, तेवढ्या वेळात साठ शब्द वाचून होतात. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहासात दंतकथा मिसळलेल्या असतात, त्यांचे काय करावे? गोपाळ मंदिराच्या चांदीच्या दारांविषयी असे सांगतात की ती मूळ सोमनाथाची, गझनीला गेलेली, आणि महादजी शिंद्यांनी परत आणलेली. ही कथा पाटीवरून हाकलून देण्याचे कारण नाही, लोक काय मानतात हाही इतिहासच आहे. फक्त ‘असे सांगतात’ हे दोन शब्द तिच्यामागे प्रामाणिकपणे लिहावेत.

परदेशांतही हे प्रयोग झाले आहेत. लंडनमध्ये थोर व्यक्तींच्या घरांवर फलक लावण्याची योजना १८६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कवी बायरनच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. ते घर १८८९ मध्ये पाडले गेले! फलक लावल्याने वास्तू वाचतेच असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून मोटारीच्या रस्त्यांवर ऐतिहासिक पाट्या लावायला सुरुवात केली. त्यांच्याकडेही आज प्रश्न तोच विचारला जातो, की यात गुलामांचा इतिहास कोठे आहे. आपल्या पुण्यात जुन्या घरांवर निळे फलक लागले आहेत. सगळीकडे अनुभव असा की, पाटी लावणे सोपे, तिच्यावरचा मजकूर ठरवणे अवघड.

मग हा मजकूर कोणी लिहावा? सरकारने लिहावा असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्यांनी खरोखर शोध लावले ते पुष्कळदा पायी हिंडणारे लोक होते. उज्जैनचेच डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेतून जात असता खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले. ते उतरले, चालत गेले, आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्याच गाडीत इतरही प्रवासी होते. खडक सर्वांना दिसले, पण उतरले एकटे वाकणकर.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आणि प्राध्यापक बंधु-भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात इतिहास, मराठी आणि कन्नड असे तिन्ही विभाग आहेत. एका वर्षात एक दगड, एवढाच संकल्प करावा. दगड निवडावा आपल्याच परिसरातला, एखादा वीरगळ, बुजलेली बारव, मोडकी वेस किंवा नाव माहीत नसलेली समाधी. त्याची मापे घ्यावीत, छायाचित्र काढावे, लेख असल्यास त्यावर शेंदूर-तेल न लावता, खडूने न गिरवता ठसा घेण्याची रीत जाणकाराकडून शिकावी. गावातील वृद्धांना विचारावे, आणि एकाच घरी न विचारता सर्व आळ्यांत विचारावे, कारण पाटलाच्या वाड्यात आणि महारवाड्यात एकाच दगडाच्या गोष्टी वेगवेगळ्या निघतात. मग साठ शब्दांचा मजकूर मराठीत आणि साठ शब्दांचा कन्नडमध्ये लिहावा. एक दुसऱ्याचे भाषांतर नसावे, पण दोन्हींतील माहिती एकच असावी. तो मजकूर या अंकात छापावा, चुका काढून घ्याव्यात, आणि मगच ग्रामपंचायतीकडे जावे. पाटीवर आपली नावे घालू नयेत.

नमुना म्हणून देवास गेटासाठी असा मजकूर सुचवतो:

‘देवास गेट. येथून देवासचा रस्ता निघतो. देवासला पवार बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. उज्जैन १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. जुलै १८०१ मध्ये या शहराजवळ होळकरांनी शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. दोन्ही बाजू मराठी राज्याच्याच होत्या. १९४८ नंतर देवासला राहिलेले गायक कुमार गंधर्व यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये झाला.’

यात स्तुतीचा एकही शब्द नाही. सुळेभावीच्या कन्नड घरात जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ मराठी मुलखात गाणे शिकला आणि माळव्याच्या लोकगीतांत रमून देवासलाच १९९२ मध्ये निवर्तला, हे वाचल्यावर आपल्या भागातून तेथे गेलेल्या प्रवाशाला जे वाटायचे ते आपोआप वाटेल. कोणाला या मजकुरात चूक आढळली तर तिने किंवा त्याने ती जरूर दाखवावी. पाटीवरून भांडायचेच असेल तर ते अशा मजकुरावरून होऊ द्या. त्यातून निदान दोन्ही पक्षांना आपापले पुरावे शोधावे लागतील.